कॅमेऱ्याकडे न बघणारे

६ जून
रोजनिशी, माफ कर. फेब्रुवारीनंतर तुला आजच उघडतोय. आळस नव्हे, मन थाऱ्यावर नव्हतं. (की आळसच? खरं सांगायचं तर ठरवता येत नाही.) फोन गच्च भरलाय, नवा फोटो निघत नाही. निर्धार : या महिन्यात सगळी फोटो लायब्ररी साफ. रोज एक वर्ष.

७ जून
पहिलं वर्ष उघडलं. मुलीचा पहिला दात. बघत बसलो. डिलीट : एक फोटो, माझ्याच अंगठ्याचा. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१२ जून
मधले दिवस ऑफिसने खाल्ले. आज चूक सापडली : मी भावनेच्या भरात निर्णय घेतो. नियम हवा. कॅमेऱ्याकडे न बघणारा माणूस बाद. यात पक्षपात नाही.
बायको म्हणाली, अरे, आईंच्या टॅबवर तुझंच अकाउंट आहे, तिथलेही जातील. बाबा जाऊन वर्ष होत आलं; आई रोज दुपारी आडवी झाली की त्या टॅबवर त्यांचे फोटो बघते. बायकोला समजावलं, फोन वेगळा, टॅब वेगळा. तिला यातलं फारसं कळत नाही. तरी एकदा तपासायला हवं. रविवारी नक्की.

१४ जून, रविवार
झपाटा! सगळी वर्षं एका बैठकीत. डिलीट केलेल्यांची पेटीही रिकामी केली; अर्धवट काम मला खपत नाही. टॅब तेवढा तपासायचा राहिला.

१५ जून
आई म्हणाली, टॅबात हे कुठे दिसत नाहीत, बघ रे जरा. नेट स्लो असेल, म्हणालो.
बघितलं. बाबांचा एकच फोटो उरलाय, ओळखपत्राचा. बाबा कधी कॅमेऱ्याकडे बघतच नसत. ताटाकडे, रस्त्यावरच्या कुत्र्याकडे, बहुतेक वेळा आईकडे. मीच काढलेले फोटो, आणि मला हे दिसलं नाही? नियम मात्र तत्त्वतः बरोबर होता.

१६ जून
कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, पेटी रिकामी केलीत ना सर, मग परत नाही येत. बॅकअप घेतला होता का? विचार केला होता, म्हणालो.

१७ जून
ताईला फोन. तिच्याकडे नाहीत. म्हणाली, सगळीकडे तूच तर फोटो काढत हिंडायचास, आम्ही नुसते उभे राहायचो. वर म्हणे, लहानपणी कपाटही असंच आवरायचास. नंतर कुणाला काही सापडायचं नाही. काकांकडेही नाहीत.

१९ जून
टॅब बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय, असं आईला सांगितलं. हे खोटं नव्हे, तिला थोडा अवधी देणं आहे. (तिला की मला?) टॅब माझ्या बॅगेत.
दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. झोपली असेल असं वाटलं. तेवढ्यात म्हणाली, त्या दुरुस्तीवाल्याला सांग, टॅब गेला तरी चालेल, यांचे फोटो तेवढे सांभाळ म्हणावं. मी म्हणालो, चांगला माणूस आहे, सांभाळेल.
फोनमध्ये आता भरपूर जागा आहे.

उद्या : आईला सांगणे.