पिशवी काढली

कर्जत, जि. अहिल्यानगर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, २५ नोव्हेंबर २०२५

चि. अनीश यास मार्तंडाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल असं लिहायची रीत आहे. ती निदान या पानापुरती पाळतो. थंडी पडली आहे. दहावीला संस्कृत घेतलेली मुलं यंदा एका बाकावर मावतात, म्हणून मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो. पाठीमागे वर्ग भरलेला आहे असं समजायला सोपं जातं. आमच्या मनवाचे दिवस भरत आले आहेत. तिच्या सासूबाई फोनवर मुलगाच होणार म्हणतात आणि तुझी ताई मुलगीच म्हणते. मी दोन्हीकडे होकार देतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. घरातला फोन तुझ्या ताईच्या हातात असतो. तुझा मेसेज आला की ती तो मोठ्यानं वाचून दाखवते आणि माझं उत्तरही स्वतःच टाकते. परवा तुला माझ्याकडून जी फुलं आणि जोडलेले हात गेले, ते माझे नव्हेत. तू माझा श्याल, म्हणजे मेहुणा. शब्द शुद्ध संस्कृत आहे, शिवी धरू नये. श्यालाला काही खाजगी सांगायचं तर पोस्टाखेरीज वाट उरलेली नाही.

तिनं तुला गोंधळाचं आमंत्रण दिलंच असेल. पौर्णिमेला, आमच्या अंगणात. राशीनच्या देवीला तिनं नवस बोलला होता, की यांची पिशवी निघू दे, गोंधळ घालीन. त्या पिशवीविषयीच लिहायचं आहे.

श्रावणात लघवीला लाल झालं. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात, आणि ती भर पावसाळ्यातही लागते, त्याला व्याकरणाचा आधार नाही. ताईनं धन्याजिऱ्याचं पाणी दिलं. पुन्हा लाल झालं तेव्हा शेजारचा बजरंग म्हणाला, "खडाच हाय सर. हितल्या बोरचं पानी लई जड. कुळीथ प्या." मला ते पटलं. खड्याला संस्कृतात अश्मरी असा भारदस्त शब्द आहे, आणि असा शब्द असलेला आजार आपल्याला व्हावा यात थोडी प्रतिष्ठाही वाटली. दसऱ्यापर्यंत कुळथाचं कढण पीत बसलो. दुखत नव्हतं, हे चांगलं लक्षण समजलो. ते तसं नसतं, हे आता माहीत झालं.

मग नगरला दुर्बिणीचं ऑपरेशन. कापाकापी नाही; नैसर्गिक वाटेनंच दुर्बीण आत घालतात आणि त्याच वाटेनं काम उरकून बाहेर येतात. कंबरेत सुई देऊन त्यांनी खालचा अर्धा मार्तंड बधिर केला. बोलणारा अर्धा शुद्धीवर राहिला, ही त्यांची चूक. बाजूच्या पडद्यावर आतलं सगळं दिसत होतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी पाण्यात हलत होतं.

"खडा कुठाय, डॉक्टर?"

"सर, खडा नाही."

"मग हे काय?"

ते तारेनं खरवडत राहिले. माझ्याच वयाचा माणूस, दोन रुग्णांमध्ये चहावर शाळेच्या गोष्टी करणारा. तो गप्प झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी खाटेशी येऊन म्हणाले, "खोलवर गेल्यासारखं वाटतंय. तपासणीचा रिपोर्ट येऊ द्या, पण बहुतेक पिशवी काढावी लागेल." ताई उशाशी होती. तिनं एवढंच ऐकलं, की पिशवी काढणार.

आता तू विचार कर. खाटेला लघवीच्या नळीची पिशवी टांगलेली. दर वेळी ती रिकामी करताना ताईचा जीव अर्धा होई. आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, नळी ओढली, पिशवी गुंडाळली, म्हणाली, "चला काका, काढली." डॉक्टरांचा शब्द इतक्या तत्परतेनं खरा झालेला कुणी पाहिला असेल? ताईनं तिथेच हात जोडले. कर्जतला उतरल्यावर पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. बजरंग पेढा खात म्हणाला, "टाकं किती?" एकही नाही म्हटलं, तर म्हणाला, "मंग त्याला आजार म्हनू नगा. आमच्या म्हातारीचं पोट ह्या टोकापून त्या टोकापोत्तर चिरलं हुतं." अंगावर ओरखडा नसलेल्या माणसाला आजारी म्हणवून घेणं अवघड असतं.

डॉक्टर म्हणाले ती दुसरी पिशवी, अनीश. आतली.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. कॅन्सर आहे, पिशवीच्या भिंतीत उतरलेला. मग स्कॅन झाला. यकृतात आहे, मणक्यात आहे. मी विचारलं, "मग पिशवी कधी काढायची?" ते म्हणाले, "आता नाही काढायची, सर. काढून उपयोग नाही." सलाईनमधून औषध देतील. त्यानं आजार जाणार नाही, काही काळ दबून राहील. किती काळ म्हटलं, तर म्हणाले, आकडा विचारू नका.

ताईला सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. ती मेथी निवडत होती. म्हटलं, "दमयंती, डॉक्टर बस्ति काढायची म्हणत होते."

"वस्ती? कुणाची वस्ती काढतायत?"

"बस्ति. म्हणजे लघवीची पिशवी."

"ती काढली की. माझ्यासमोर काढली. तुम्ही गुंगीत होता." आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. "बसलाच आहात तर निवडा."

मी निवडली. आयुष्यभर पोरांना अर्थ सांगत आलो. त्या दिवशी साधं मराठीत एक वाक्य बोलायचं होतं, तेही कर्तरी प्रयोगात, आणि मला मेथीचे देठ दिसत राहिले.

औषध पौर्णिमेनंतरच्या सोमवारी सुरू होईल. केस जातात म्हणे; मग लपवता येणार नाही. मनवाला तिची सुटका होईपर्यंत काही कळता कामा नये. गोंधळ मोडू नकोस. ताई नवी साडी घेऊन बसली आहे आणि गोंधळ्यांना सुपारी गेली आहे. मी पाटावर बसेन, अंगारा लावून घेईन, देवीशी माझं भांडण नाही. तू मात्र ये आणि रात्री परत जाऊ नकोस. सकाळी पाहुणे गेले, अंगण झाडून झालं, की तिला समोर बसव आणि दोन पिशव्या वेगवेगळ्या करून सांग. तिला तुझं पटतं. माझं बोलणं ती गेली तीस वर्षं विनोद समजत आली आहे, आणि तो दोष तिचा नाही.

मी तेव्हा घरात नसेन. शाळेत तास आहे असं सांगून निघेन. भित्रेपणा म्हण, हरकत नाही. ती ऐकताना तिच्याकडे पाहणं मला जमणार नाही.

पत्राच्या शेवटी कळावे लिहितात. मी ते प्रयोजक करतो.

कळवावे.

तुझ्या ताईचा,
मार्तंड