जावईबापूंचा हात मोडला त्याची सविस्तर कारणं

रेल्वे कॉलनीमागे, दौंड
गुरुवार

राजमान्य राजेश्री हौशीराम आप्पा, मुक्काम शिरूर, यांना होणारे व्याही मच्छिंद्र यांचा लवून रामराम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडेही सगळे खुशाल असतील असं पुढं लिहायची रीत आहे, पण ज्यांच्या पोराचा उजवा हात प्लास्टरात आहे त्यांना तसं लिहिलं तर पत्र तिथंच चुलीत जाईल, म्हणून ते वाक्य गाळलं आहे. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर किती निघाली? माझी वाढली आहे, रविवारपासून. फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. केला होता, दोनदा. तुम्ही ‘हां, बोला’ म्हणालात आणि मी भलतंच बोलून बसलो. (सोमवारी ‘राँग नंबर’ म्हणून ज्यानं फोन ठेवला तो मीच.) पंधरा वर्षं सोसायटीचं चेअरमनपद सांभाळलेल्या माणसाशी बोलायचं म्हणजे माझ्यासारख्या रिटायर फिटरला घाम फुटतो. पत्रात निदान मधे कुणी ‘मुद्द्याचं बोला’ म्हणत नाही. बायकोनं, ललितानं, बजावलंय की नवऱ्यामुलाकडच्यांना शुद्ध लिहायचं, हाय-न्हाई करायचं नाही. जमेल तितकं सांभाळतो. पण विषय फुटबॉलचा आहे, मधे मधे देशही येणार, तवा कुठं तोल गेला तर पोटात घाला.

साखरपुड्यात तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, पोरगं खेळतंय तर खेळू द्या, पण लग्नाआधी हातपाय मोडला तर मी तारीख पुढं ढकलीन. आता लग्न पाच आठवड्यांवर आलंय आणि विश्वजीतचा हात मोडलाय. वरून तुमच्या गिताआत्या म्हणतात म्हणे, सुपारी फुटली आन् महिन्यात पोराचा हात मोडला, पोरीचा पायगुण बघा. हे आमच्या कानावर आल्यापासून आमची स्नेहल दोन घास खाऊन उठते. म्हणून, हात नक्की कशामुळं मोडला, याची कारणं मी अभ्यास करून खाली देत आहे.

पहिलं कारण देश. हसू नका आप्पा. दीडशे कोटींच्या देशात धड अकरा खेळाडू मिळत नाहीत, हे माझं मत जुनंच आहे. (मी बोलायला लागलो तेव्हा नव्वद कोटी होते. आकडा वाढवत गेलो, मत तेच.) आणि मिळतील कसे? खेळाडूला क्लब बदलायचा तर अर्ज, दाखला, जुन्या क्लबची सही, ठरावीक महिना. पुढाऱ्याला पक्ष बदलायला बाराही महिने मोकळे, सही न्हाई, दाखला न्हाई, सकाळी एका जर्सीत, संध्याकाळी दुसऱ्या. तिकडं दिल्लीत तर सगळेच कॅप्टन, पास द्यायला कुणी न्हाई. आन् गोल खाल्ला की हे म्हणणार मागच्या सरकारमुळं, ते म्हणणार आत्ताच्या सरकारमुळं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत एक माणूस उभा राहून म्हणाला का, ‘बाबांनो, ही माझी चूक’? एक? हे मी दर रविवारी मैदानावर मोठ्यानं विचारतो. लोक पाणी प्यायला जातात.

मी स्वतः मात्र निष्ठावान. बत्तीस वर्षं जंक्शन स्पोर्ट्स, एकच क्लब. जिल्हा लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये आपण खालून दुसरे आहोत. (खालून पहिला जो क्लब होता तो गणपतीनंतर बंद पडला, तरी त्याचे गुण आपल्यापेक्षा फार कमी न्हाईत.) याच्या खाली डिव्हिजनच नसल्यानं आपल्याला कुणी खाली ढकलू शकत नाही, एवढं स्थिर सरकार देशात दुसरं नाही. निष्ठेचं मी घरी बोललो तर ललिता म्हणाली, तुम्हाला दुसऱ्या क्लबानं कधी बोलावलंच न्हाई, त्याला निष्ठा म्हणत न्हाईत. बायकांना खेळातलं कळत नाही. मलाही फारसं कळत नाही. ऑफसाइड मला अजून पक्का समजलेला नाही, पण ओरडायला मी कधी उशीर केला नाही. विश्वजीत दोन वर्षांपूर्वी रेल्वेत लागून इथं आला आणि आपल्या गोलात उभा राहिला, तेव्हापासून आपण आठाऐवजी तीन-तीन गोलांनी हरू लागलो. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, पोरगं जावई करण्याजोगं आहे.

आता रविवार. सामना भांडगावशी. भांडगावची पोरं मूळची कबड्डीची, त्यामुळं त्यांचा फुटबॉल थोडा घोट्याजवळून चालतो, पण पोरं गुणी. सामना चारचा. साडेतीनला सत्कार. पाहुणे दोन पुढारी, पक्ष एकच होता, मधे दोन झाला, आता पुन्हा युतीत आहे, म्हणून दोघांना बोलवावं लागलं. पहिली किक कुणी मारायची यावर अर्धा तास गेला. शेवटी मैदानात दोन चेंडू ठेवले आणि दोघांनी एकदम किक मारली. एकाचा चेंडू दोन हात गेला आणि बूट आठ हात. शाली, फेटे, नारळ, हार, मग फोटो, मग बूट शोधणं. जुना पाठीराखा म्हणून माझ्याही हाती माइक दिला आणि ‘दोन शब्द’ म्हणाले. मी देशाच्या दिशेवर अकरा मिनिटं बोललो. (दहा मिनिटांनी माइक बंद केला होता, ते मला नंतर सांगण्यात आलं.) सव्वापाचला शिट्टी झाली. म्हणजे दुसऱ्या हाफला उजेड कमी, हे दुसरं कारण.

पहिल्या हाफमध्ये काहीच झालं नाही. आपल्या फॉरवर्डनी भांडगावच्या गोलाकडं एकही चेंडू नेला नाही, त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून फोनवर बोलत होता. हाफनंतर बाजू बदलल्या, विश्वजीत त्या गोलात आला. आन् आप्पा, काय खेळला वो! चार गोल वाचवले. चार! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपण सहा मिनिटं राहिली असताना शून्य-शून्य होतो. मी देवाचं नाव घेत होतो, रेफरीच्या आईचंही. मग भांडगावच्या पोरानं लांबून उंच चेंडू मारला, विश्वजीत मागं सरकत उडी घ्यायला गेला आन् पाय सटकला. पायाखाली काहीतरी आलं. हात खाली, अंग वर, चेंडू जाळीत. पोरगं पडल्या पडल्या पहिलं काय विचारतंय, ‘लाइनीच्या आत गेला का?’ (आपल्याकडं व्हिडिओ बघणारा रेफरी न्हाई. गोलामागं रसवंतीवाला बसतो, त्याला विचारतात. तो म्हणाला, गेला.) मनगटाजवळ हाड चिरलंय, डॉक्टर म्हणाले महिन्यात प्लास्टर निघेल. म्हणजे अक्षता पडायच्या आत हात मोकळा होईल, तारीख हलवायचं कारणच न्हाई.

तर पायाखाली जे काही आलं, त्याची जबाबदारी कुणाची? मैदान सत्काराला देणाऱ्यांची. नारळ-हारांची ज्यांनी रेलचेल केली त्यांची. उशिरा आलेल्या दोन्ही पाहुण्यांची. खेळापेक्षा फोटो मोठा मानणाऱ्या साऱ्या व्यवस्थेची, म्हणजे खालपासून दिल्लीपर्यंत. अशा देशात गोलकीपरचा हात मोडणार न्हाई तर काय? यात पायगुणाचा संबंधच येत नाही, हे आपल्यासारख्या जाणत्या माणसाला वेगळं सांगायला नको. पत्र विश्वजीतच्याच हाती देतोय, तो शनिवारी शिरूरला येतोय. दुसरा हात चांगला आहे.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना पापा, गिताआत्यांना फक्त नमस्कार. लोभ आहे, तो लग्नापर्यंत तरी टिकवावा.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. — पत्र लिहून झालं, वाचून काढलं. झोपायला पडलो तर डोळा लागंना. ‘एक माणूस उभा राहून म्हणाला का’ हे वाक्य सारखं पुढं येत होतं. आप्पा, पाहुण्यांचे नारळ पाहुणे गाडीत घालून घेऊन गेले. मैदानात नारळ एकच फुटला, तो मी फोडला. गेली नऊ वर्षं दर सामन्याआधी आपण ज्या गोलात चेंडू मारायचा त्याच्या खांबाच्या बुडाशी मी नारळ फोडतो. (नऊ वर्षांत दोन सामने जिंकलो, पण नारळ नसता तर तेही न्हाई.) फोडून खोबरं वाटायचं आन् करवंट्या उचलायच्या, हे माझं काम. रविवारी फोडला, तेवढ्यात माइकवर माझं नाव घेतलं. मी तसाच पळालो. देशाची दिशा सांगायला. एक करवंटी तिथंच जाळीपाशी राहिली. हाफनंतर बाजू बदलतात एवढं बत्तीस वर्षं बघतोय, तरी डोक्यात आलं न्हाई. पोरीचा पायगुण न्हाई वो आप्पा. नारळ माझा. चूक माझी. बापानं केलेलं पोरीच्या पदरात पडतंय आन् मी चार पानं सरकारला शिव्या देत बसलोय, याची मला लाज वाटती.

ता. क. दुसरा — मागणं एवढंच. वरची चार पानं फाडा, त्यात नुसतं राजकारण हाय. फक्त पहिला ता. क. गिताआत्यांना सगळ्यांच्या देखत वाचून दाखवा, मोठ्यानं. माझं हसं झालं तर होऊ द्या, सवय हाय. तारखेचं तुम्ही ठरवाल ते, मी तोंड उघडणार न्हाई.

ता. क. तिसरा — पाकीट बंद करताना स्नेहल आली. पत्र उभ्यानं वाचलं. आत गेली आन् पर्समधून रुमालात गुंडाळलेली करवंटी आणून माझ्यापुढं ठेवली. रविवारी विश्वजीतला उचलायला सगळे धावले तवा तिनं ती उचलली होती, बापाचं नाव पुढं येऊ नये म्हणून. चार दिवस पायगुण ऐकत होती आन् करवंटी पर्समध्ये घेऊन फिरत होती. मी म्हटलं, ‘अगं, सांगायचं नाहीस?’ तर म्हणाली, ‘तुम्ही सांगता का बघत होते.’ करवंटी पत्रासोबत पाठवतोय, गिताआत्यांना दाखवायला. नंतर परत पाठवा, तिला ती ठेवायची हाय.