चार तारांवर बाबांची शिट्टी

४ फेब्रुवारी, बुधवार

आलं! आलं, आलं, आलं!

युकुलेले. गिटारचं चार तारांचं पिल्लू. माझं. कुरियरवाला काउंटरवर खोका आपटून गेला — आपटून! — आणि मी बॅटऱ्यांची पाकिटं लावायची सोडून टेप फाडत बसले. मॅडम आतून बाहेर आल्या. "काय गं, कान तपासायचं नवीन मशीन आलं का?"

"नाही मॅडम, कान बिघडवायचं."

हसल्या. आमच्या दुकानात कानाची मशीनं मिळतात, तपासणीही होते. मॅडम तपासतात. मी नावं लिहून घेते, नळ्या साफ करते, बॅटऱ्या विकते, आणि सगळ्यांशी जरा ओरडून बोलते.

खोलीवर आणून आधी दार लावलं. मग भोकात नाक घालून वास घेतला. लाकूड, वॉर्निश, आणि शाळेच्या नव्या बाकासारखं काहीतरी. इतकं हलकं! मांडीवर घेतलं की आहे की नाही कळत नाही. आठवीपासून हवं होतं. बाबा म्हणाले होते, दहावी होऊ दे. मग बारावी होऊ दे. मग डिग्री हातात येऊ दे. मग, नोकरी लागली की तुझं तू घे.

घेतलं!

कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. नावं खालपर्यंत बघत गेले, परत वर आले. ठेवून दिला.

५ फेब्रुवारी

सूर टिकत नाहीत. नव्या तारा ताणत राहतात म्हणे, बरेच दिवस. सकाळी लावून जाते, संध्याकाळी येते तर चौघीही ढेपाळलेल्या. माझ्यासारख्याच.

घरमालकीणकाकू दारातून: "मांजर पाळायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"काकू, वाद्य आहे ते."

"मग त्याला काहीतरी खायला घाल."

८ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द — "सुट्टे नाहीत." तेवढेच. खाली साबण आणायला गेले होते तेव्हाचे.

पण काय वाजवायचं ते ठरलं! लोक शिकतात ती गाणी नकोत. बाबांची शिट्टी वाजवायची.

बाबांचं गॅरेज घराच्या खालीच. संध्याकाळी शटर ओढलं की ते एक शिट्टी घालत जिना चढायचे. कुठल्या गाण्याची नाही, त्यांचीच. तीन वळणं, आणि शेवटी असं वर जाऊन अर्धवट सोडलेली. आई होती तेव्हा ती शिट्टी ऐकून गॅस पेटवायची. मी पुस्तकं उघडून बसायची.

बाबांचा कान फार तयार. गाडीत आवाज कुठून येतोय कळत नसलं, की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवायचे आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. एकदा मलाही लावू दिली. डोक्याच्या आत गाडी चालू झाली! मी किंचाळले. बाबा म्हणाले, "घाबरू नकोस, ती पण घाबरलीये."

मग मी मोठी झाले आणि सगळं घालवलं. गॅरेजवर बसायला नाही म्हटलं. म्हटलं, लिहायचंय मला, वेगळं काहीतरी, प्रयोग. (माझे प्रयोग म्हणजे गोष्ट अर्ध्यात सोडायची आणि वाचणाऱ्याकडे रोखून बघायचं.) बाबा म्हणाले, "लिही की. गाड्या काय बंद पडायच्या थांबणारेत?" बस, एवढंच. भांडण झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

गेल्या खेपेला घरी गेले होते तेव्हा शटर पडल्याचा आवाज आला आणि मी वाट बघत बसले. बाबा जिना चढून आले. शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घरात होते म्हणून असणार.

फोनही आता दोन मिनिटांचा. "जेवलीस? बरं. नीट बोल गं, पुटपुटतेस हल्ली. चल, ठेवतो."

शिट्टी वाजवून दाखवली तर? मग तरी कळेल, मी तिथून नुसतीच निघून आले नाही. काहीतरी घेऊन आले.

१२ फेब्रुवारी

डाव्या हाताच्या बोटांना तारांच्या खाचा पडल्यात! लाल, खोल, झकास. कुणाला दाखवाव्या कळेना. म्हणून इथे लिहिलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

जमली. तिन्ही वळणं, शेवटचं वर जाणंसुद्धा. तिसऱ्या वळणावर बोट अडखळतं, पण ओळखू येते. सकाळपासून वाजवत होते. काकूसुद्धा काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी फोन लावला. मुद्दाम शटरच्या वेळेला. म्हटलं, "बाबा, ते युकुलेले घेतलं मी. तुमच्यासाठी काहीतरी वाजवतेय, ऐका हं." फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. हात इतके घामेजले होते की आधी ते ओढणीला पुसले. मग तारांवर बोटं ठेवली. मग पुन्हा पुसले.

उशीवरून आवाज आला, "वा, छान! छान वाजवलंस. चल, ठेवतो."

आणि ठेवला.

मी एकही तार छेडली नव्हती.

१६ फेब्रुवारी

नाही वाजवलं.

१९ फेब्रुवारी

खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. खोक्यावर 'नाजूक, जपून हाताळा' लिहिलंय. मग तो खोकाही उलटा करून ठेवला.

गोष्ट लिहायला घेतली — एक बाई रिकाम्या सभागृहात वाजवते आणि वाजवायच्या आधीच टाळ्या पडतात. चार ओळींनंतर फाडली. फार प्रायोगिक वाटायला लागली होती. आणि ती बाई माझा टॉप घालून बसली होती.

बाबा रागावले असते तर चाललं असतं. नको म्हणाले असते तरी. पण न ऐकता छान? परक्या माणसाला म्हणतात तसं?

काकू: "मांजर पळालं वाटतं तुझं?"

हो, म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं पहिल्यापासून. नीट लिहिते.

सकाळी एक आजी आजोबांना हाताला धरून घेऊन आल्या. आजोबा खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाले, "मला काही झालेलं नाही. लोकच पुटपुटतात हल्ली." मी रोज ऐकते हे. इथे येणारं एकही माणूस 'मला ऐकू येत नाही' म्हणत नाही, लोक पुटपुटतात म्हणतं. मी नाव लिहून घेत होते.

आजी म्हणाल्या, "घरात धकून जातं गं, तोंडाकडे बघून समजतात. पण फोनवर नाही ना जमत. मग समोरचा बोलायचा थांबला की हे आपले म्हणतात — वा, छान! आणि पटकन ठेवून देतात. म्हणजे पुढचा प्रश्नच नको."

आजोबा म्हणाले, "काय सांगतेयस तिला?"

"तुमचं कौतुक करतेय."

"छान," आजोबा म्हणाले.

माझ्या हातातून बॅटऱ्यांचा अख्खा ट्रे सुटला. घरंगळत पार दारापर्यंत गेल्या. मी खाली बसून गोळा करत होते आणि एकेक आठवत होतं. नीट बोल, पुटपुटतेस. दोन मिनिटांचे फोन. घरी टीव्ही इतका मोठ्याने, की मला वाटलं माझ्याशी बोलायचं नाही म्हणून लावलाय.

आणि शिट्टी. स्वतःची शिट्टी ऐकू येत नसेल तर माणूस ती कशाला घालेल?

दिवसभर परक्यांच्या कानांशी बोलते मी. ओरडून. आणि बाबांशी फोनवर हळू बोलत होते — त्यांना राग येऊ नये म्हणून.

मॅडमना शनिवारची सुट्टी मागितली. "बरं वाटत नाही का गं?" काय सांगणार. वडिलांना भेटून येते, म्हटलं.

खोका खाली काढला. चारही तारा उतरल्या होत्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बसमध्ये युकुलेले मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "बाळ झोपलंय का?" खोका ओढणीत गुंडाळला होता ना. हो म्हटलं. ती सरकून बसली बिचारी, मला जागा द्यायला.

पोचले तेव्हा बाबा बाकावर पाठमोरे हत्यारं पुसत होते. "बाबा." पुसत राहिले. "बाबा!" पुसत राहिले. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर केवढे दचकले! आणि मग चेहरा असा उजळला... राग? कुठला राग? मी एवढं वर्षभर काय वाचत बसले होते त्या चेहऱ्यात?

म्हणाले, "सांगायचं तरी येणार म्हणून. फोन करायचास."

त्यांच्या समोर जाऊन, तोंडाकडे बघता येईल अशी उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मला फोनवर नाही जमत हल्ली."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "मलापण."

१ मार्च, रविवार

शटर अर्धं ओढलेलं. बाकावर दोघं. मी युकुलेले काढलं. बाबांनी उलटंसुलटं करून पाहिलं, खुंट्या फिरवून पाहिल्या, परत दिलं. मग माझ्या डावीकडे सरकून बसले, मान वाकवली, आणि त्याचं टोक कानामागच्या हाडाला लावलं. स्क्रूड्रायव्हर लावायचे तसंच.

"हं. चालू कर."

तीन वळणं. तिसऱ्यावर अडखळले. शेवटचं वर नेऊन सोडलं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. उघडले.

"ही माझी शिट्टी ना गं?"

मान हलवली.

"मग इतकी बेसूर का?"