गिअरचा दांडा

ॲबिंग्डन,
गुरुवार, १४ ऑक्टोबर १९९३

प्रिय लिडिया,

तू बरी असशील. यॉर्कला थंडी आमच्या आधी पडते, तेव्हा गरम कपडे बाहेर काढले असशीलच. इथे सफरचंदं मस्त आली आहेत, पण वेचायला कुणी नाही, सगळी खाली पडून कुजताहेत.

आपली हिरवी एमजी उघडली आहे. लगेच कपाळाला हात लावू नकोस! क्लचचं बेअरिंग पार संपलंय, गिअर टाकला की गाडी रडते. वीतभरही नाही ते बेअरिंग, पण त्याच्यासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि इंजिनाबरोबर गिअरबॉक्ससुद्धा. दोन्ही एकत्र, नाक वर करून. तू लहानपणी म्हणायचीस, गाडी जांभई देतेय.

मागच्या नाताळात तू दार आपटून गेलीस, 'बसा त्या गाडीला मिठी मारून' म्हणालीस. आता हे वाचून म्हणशील, म्हातारा सुधारला नाही. पण गाडी तुझ्यासाठीच काढत होतो. तुला न्यायला यायचं होतं.

आईने तुला आणायला सांगितलंय.

मी लगेच पाने घेऊन गॅरेजमध्ये गेलो. बॉनेट काढलं, पाणी सोडलं, रेडिएटर काढला, गाडीखाली झोपून मागचा शाफ्ट सोडवला. साखळी लावली आणि उचलायला लागलो, तर इंजिन अर्ध्यावर येऊन अडलं. वर जाईना, खाली येईना. ढकललं, शिव्या दिल्या, पुन्हा ढकललं. एमजीच्या कारखान्यात मी जन्मभर गाड्यांचे कापडी टप बसवले, इंजिनाला हात लावायची वेळच आली नाही. घरी काढलं ते दर वेळी दोघांनी मिळून. शेवटी गाडीशेजारी फरशीवर बसलो आणि रडलो, बाळा. लपवून काय करू.

नर्स बेरिल आईचं आवरून खाली येत होती, तिने मला तसं पाहिलं. म्हणाली, "मिस्टर ॲशमोल, यॉर्कला रेल्वे जात नाही का हो? आणि फोन बंद पडलाय का तुमच्याकडे?"

फोन बंद नाही. दोनदा केला होता. दोन्ही वेळा तू 'हॅलो, कोण?' म्हणालीस आणि मी ठेवून दिला. काय सांगणार होतो? की आईची औषधं डॉक्टरांनी थांबवली आहेत, आता फक्त दुखू नये म्हणून देतात? तोंडातून निघालंच नाही. गॅरेजमध्ये मला काय करायचं ते कळतं. वरच्या खोलीत काही कळत नाही.

तसाच काळे हात घेऊन वर गेलो. आईने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झालाय तिचा.

"अडलं?"

"अडलं गं. कुठे ते समजत नाही."

"दांडा काढलास का, वेड्या?"

गिअरचा दांडा! गाडीच्या आत बसून काढायचा असतो तो, नाहीतर वरच्या पत्र्यात अडकतो. इतक्या वर्षांत मी एकदाही काढला नव्हता. मी पुढे साखळी धरायचो, आणि ती आत बसून बोल्ट काढायची, दांडा उपसून खिडकीतून हलवायची आणि ओरडायची, "ओढ आता!" ते माझं काम कधी नव्हतंच, म्हणून आठवलंही नाही.

खाली जाऊन तिच्या जागेवर बसलो आणि काढला. इंजिन अलगद वर आलं. आता साखळीला लटकलंय, आणि ते परत बसवायचं बळ माझ्यात नाही. मी न्यायला येऊ शकत नाही, लिडिया. तूच ये. आजच्या टपालात बेरिल हे टाकणार आहे, उद्या सकाळी मिळेल. मिळाल्याबरोबर निघ.

आणखी एक सांगायचंय. मघाशी इंजिन निघाल्याचं सांगायला वर गेलो, तर तिने विचारलं, "मग लिडिया कधी येते?" मला नाही म्हणवलं नाही. 'निघालीय ती,' असं बोलून गेलो.

तेव्हापासून आई ते दुखण्यावरचं औषध घेत नाही, त्याने झोप लागते. तू आलीस आणि ती झोपलेली असली तर, म्हणून. दुखतंय, तरी घेत नाही. बेरिलकडून केस विंचरून घेतले आणि उशी दाराच्या बाजूला वळवून घेतली.

मागचं दार उघडं ठेवलंय. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, मी गॅरेजमध्ये असेन, तिथे थांबू नकोस. सरळ वर जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
बाबा