भाव न केलेली सुरमई

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्दीवर स्वेटर घालून निघाले. फेब्रुवारीत. परळला! पोलीस लाइनीच्या फाटकापर्यंत नुसती वर्दी चालते, तिथे सगळे तसलेच. फाटकाबाहेर स्वेटर. कोपऱ्यावर वाचनालयातल्या बाई भेटल्या. "ताप आहे का गं?" आहे, म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं.

वय त्रेचाळीस, आणि आज शिपाई म्हणून पहिला दिवस. ट्रेनिंगमधल्या मुली मला आई म्हणायच्या. धावताना मी स्वतःही तेच ओरडत होते.

माझा नवरा राजरत्न हवालदार होता. तो गेला, त्याच्या जागी मला घेतलं. अनुकंपा म्हणतात त्याला. नको म्हणाले असते तर खोली सोडावी लागली असती, आणि सासूबाईंना घेऊन मी कुठे जाणार होते? विनोदी सदरावर घर चालत नाही. आता तर पेपरच बंद पडला. इतकी वर्षं पोलिसांच्या पोटाचा घेर, फुकटचा चहा, सगळ्यावर लिहिलं. राजरत्नच मोठ्याने वाचून दाखवायचा, वर म्हणायचा, "हा आमच्या चौकीतला साळवी! हुबेहूब!"

शिंप्याने माझ्या वर्दीची कंबर दोनदा उसवली. साळवींना कळलं तर पेढे वाटतील.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. साधा ड्रेस घालून गुणवंतीकडे मासे आणायला. फूटपाथवर तिची पाटी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, आणि तिची जीभही.

"काय गो लेखकीण, बांगडा बगतेस का सून पसंत करतेस?"

"डोळे बघ त्याचे. माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय."

"मग तुज्या जोडीला बरा हाय. घे!"

मी निम्म्या भावाला मागितला, तिने माझ्या माहेरचा उद्धार केला, मी उठले, तिने पदर धरून बसवलं. ओढणी खरं तर. अर्धा तास गेला. मग वर एक बांगडा फुकट टाकला— "जा, सासूला घाल."

नोकरीचं सांगितलं नाही. सांगणार होते. बांगडे निवडण्यात राहून गेलं, असं लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टपरीवर चहाचे पैसे दिले. टपरीवाला घाबरला. आमच्या चौकीचे हवालदार लहू जगदाळे म्हणाले, "मॅडम, रेट खराब करू नका." सगळे हसले. मीही. हसायला नको होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय.

सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी. बंदोबस्ताला आम्ही. मला का, तर "लेडीज लागते". बाईला पुरुष शिपायाने हात लावायचा नसतो, म्हणून एक बाई सोबत न्यायची, हातांसाठी. इतकी वर्षं डोकं वापरून पोट भरलं, आता हात.

गाडी वळली तेव्हाच कळलं कुठे चाललोय ते. पोटात दुखतंय म्हणावं, असं वाटलं. म्हटलं नाही. नवीन माणसाचं पोट कोण ऐकतं?

बाकीच्या पळाल्या. गुणवंती पाटीवर बसून राहिली, हाताची घडी घालून. शिव्यांचा पट्टा चालू— गाडीला, ड्रायव्हरला, ड्रायव्हरच्या आजोबांना. लहू म्हणाले, "उचला मॅडम." मी मागून गेले. तोंड दिसू नये म्हणून! तिच्या काखेत हात घातले. ती वळली.

शिव्या बंद.

माझ्या तोंडाकडे बघितलं, छातीवरच्या नावाकडे बघितलं, परत तोंडाकडे. मी वाट बघत होते. घाल शिवी. माझ्या माहेरापासून सुरू कर.

"उठते, मॅडम," ती म्हणाली. "हात काढा."

मॅडम. काढा.

पाटी गाडीत गेली. बर्फ रस्त्यावर. लहू म्हणाले, पहिल्याच वेळी छान जमलं तुम्हाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाहीला खवले चिकटले होते. सासूबाईंनी वर्दी दोनदा धुतली. "वास जाईना गं," म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलेच. माफी मागायची ठरवून. वाक्यही तयार केलं होतं, जरा गमतीचं. आयुष्यभराची खोड!

नवी पाटी, जागा तीच. मला बघून गुणवंती उठून उभी राहिली. उभी!

"बसा मॅडम. काय देऊ?"

"बांगडा. आणि मॅडम काय गं?"

तिने बांगड्याला हात लावला नाही. खालून सुरमई काढली, चांगली मोठी, तुकडे केले, डोकं वेगळं बांधलं. मी म्हटलं, "एवढी महाग? निम्म्यात दे." तिने मान डोलावली. शिवी नाही, पदर नाही, काही नाही. नोट पुढे केली तर माझ्याच पिशवीत परत सरकवली.

"राहू द्या. गाडी निघाली की एक रिंग द्या फक्त. नंबर पिशवीत टाकलाय."

तयार वाक्य तयारच राहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, मुकाट्याने. मी पिशवी घेऊन घरी आले. नोट ओली होती, दोरीवर वाळत घातली.

सासूबाईंनी विचारलं, केवढ्याला? मी एक आकडा सांगितला. "ठकवलंन तुला," त्या म्हणाल्या.

उद्या परत नेऊन देईन, असं ठरवत तिखट-मीठ लावलं. तळली. तीन तुकडे खाल्ले. उत्तम होती, हे लिहायलाच हवं का? हवं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फोन करणार नाही. केला तर मी सदरातली साळवी. नाही केला, तर तिची पाटी परत गाडीत, आणि तिला खेचायला परत मीच. सुरमई खाल्ली नसती तर सरळ मैत्रीण म्हणून फोन केला असता. आता तो फोन तीन तुकड्यांचा झाला!

चहाचे पैसे आज दिले नाहीत. सुट्टे नव्हते.

४ मार्च, मंगळवार

अतिक्रमणवाल्यांची गाडी निघायला उभी राहिली. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून फोन केला.

"कळलं मॅडम," गुणवंती म्हणाली. "मगाशीच तुमच्या साहेबांचा आला. मग लहूचा पन आला." मग आवाज जरा मऊ करून, "रविवारी पापलेट ठेवते तुमाला."

मी बरं म्हटलं.

नळ बंद करून बाहेर आले. बाहेर ऊन होतं. स्वेटर खुंटीवरच राहिला.