हेडचा स्क्रू कोणी फिरवू नये

मी, बोनिफेस कासोंडे, वय एकोणसत्तर, धंदा रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती, राहणार वुसाकिले, कित्वे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. हृदय अधू झाले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. पत्नी वारली, मूलबाळ नाही.

१. माझे राहते घर, मागच्या आंब्यासह, माझ्या थोरल्या वहिनी श्रीमती प्रिस्का कासोंडे यांना मिळावे. हे मी देतो आहे असे कोणी समजू नये. घर त्यांचेच होते. कसे, ते लिहून ठेवतो.

थोरले बंधू लेवी खाणीत दगावले. वहिनी सासरीच राहिल्या आणि आईच्या शेवटच्या आजारात तिचे सगळे त्यांनीच केले. आईला लिहिता येत नव्हते. आपले हे घर कोणाला द्यायचे, ती इच्छा तिने घरातल्या मोठ्या, दोन स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवली. २००३ साली ती गेली. त्या आठवड्यात प्रार्थनेची गाणी दबकी वाजत होती, म्हणून मी तो उघडला. कधीतरी फळीवरून पडून त्याचे फीत वाचणारे हेड तिरके झाले होते. मी स्क्रू फिरवून ते सरळ केले. गाणी मोकळी वाजू लागली, लोकांनी माझे कौतुक केले.

मग उशीखाली आईची कॅसेट सापडली. लावली तर आवाज गोधडीतून आल्यासारखा. धाकटा भाऊ हम्फ्रे म्हणाला, आई त्याचे नाव घेते आहे. मला माझे ऐकू आले. मी मोठा म्हणून घर माझ्या नावावर झाले, हम्फ्रे टेपरेकॉर्डर आणि कॅसेट उचलून गेला, आणि आमचे बोलणे अठरा वर्षे बंद पडले. वहिनींना कोणी काही विचारले नाही. त्या इपुसुकिलोला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या.

२०२१ साली हम्फ्रेची मुलगी यूनिस तो टेपरेकॉर्डर माझ्या दुकानात घेऊन आली. बापाचे गुडघे गेलेत, बसून गाणी तरी ऐकेल, म्हणाली. पट्टा वितळून डांबर झाला होता, रबरी चाक दगडासारखे, आवाजाचे बटण फिरवले की नुसती खरखर. तीन दिवस लागले. आईची कॅसेट आतच होती. लावली, तर पुन्हा गोधडी.

तेव्हा लक्षात आले की आई बोलली त्या वेळी हेड तिरके होते. आवाज तिरकाच भरला गेला होता, आणि हेड सरळ मीच केले होते. या धंद्यातल्या माणसाला हे अठरा वर्षे सुचले नाही. मला हवे ते ऐकू आले होते, म्हणून नसेल सुचले. स्क्रू केसाकेसाने उलटा फिरवत गेलो. पाव फेरा झाला आणि आई दुकानात बोलू लागली.

"घर प्रिस्काला द्या. माझे लेक बाहेर बसून माझ्या आजाराबद्दल बोलतात. ती आत येऊन माझी कूस बदलते."

दुकान बंद केले, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मिनीबसने हम्फ्रेकडे गेलो. त्याने ऐकले, फीत मागे नेऊन पुन्हा ऐकले. मग म्हणाला, "आधी वहिनीला घरी आणू. भांडण नंतर काढू." ते अजून निघालेले नाही.

वहिनी आल्या. घर तेव्हाच नावावर करून देत होतो, तर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आहात तोवर पाणीपट्टीच्या रांगेत तुम्हीच उभे राहा." तेव्हापासून मला रोज सकाळी गरम पेज मिळते आहे. तोंडावर आभार मानले की त्या उठून जातात, म्हणून इथे मानतो.

२. दुकानातील हत्यारे यूनिसला द्यावीत. ती बाजारात फोन दुरुस्त करते आणि माझी हत्यारे लोहाराची आहेत म्हणते. तरीही द्यावीत. तिने तो टेपरेकॉर्डर आणला नसता तर मी मूर्खच मेलो असतो.

३. टेपरेकॉर्डर वहिनींकडे राहील. त्यावर बाकीच्या कॅसेट दबक्या वाजतात, वाजू द्याव्यात. हेडचा स्क्रू कोणी फिरवू नये.

४. चर्चचा लाउडस्पीकर मी बिघडवला असे गायनमंडळ अजून सांगते. तो माझ्याकडे ओलाच आला होता. त्यांना माफ केले आहे. दफनाला गावे, पण लाउडस्पीकरशिवाय.

५. हम्फ्रेला यात काही नाही. मी मनगटी घड्याळ तरी लिहिणार होतो. पण वकीलबाई रूथ सिलुम्बे, ज्या या मृत्युपत्राची अंमलबजावणी करतील, म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यावर हम्फ्रे म्हणाला, "मग मला साक्षीदारच कर."

वरील सर्व वाचून, दोघांसमक्ष सही केली.
बोनिफेस कासोंडे

साक्षीदार:
१. हम्फ्रे कासोंडे, भाऊ
२. मोनिका चिपासा, परिचारिका

कित्वे, मंगळवार, ११ जून २०२४