गंधकाचा रंग

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

धवलशेठ नाण्याला ‘काळं पडलेलं’ म्हणाले. काळे! कडेला गडद निळा, आत जांभळा, मध्यभागी मधासारखा – आणि त्या सगळ्या रंगांखाली आरसा शाबूत.

१९७३चे वीस रुपयांचे चांदीचे नाणे. प्रूफ – म्हणजे खर्चासाठी नव्हे, संग्रहासाठी, घासून लखलखीत केलेल्या साच्यात एकाहून अधिक ठोके देऊन आरशासारखे घडवलेले. ओझरच्या लताबाईंनी ते हातरुमालात गुंडाळून आणले होते. त्यांचे यजमान मोतीराम विमान कारखान्यात होते. त्यांनी तेव्हा मनीऑर्डर करून टांकसाळीतून मागवले. ते आता नाहीत. नाणे विकून लताबाईंना कानाचे यंत्र घ्यायचे आहे.

शेठ चांदीच्या भावाहून जेमतेम अधिक देत होते. धुऊन पांढरे करीन, म्हणाले. या दुकानात माझे काम लिलावाच्या यादीतली वर्णने लिहिण्याचे. गिऱ्हाइकाशी बोलण्याचे नव्हे, आणि ते मला जमतही नाही. तरी मी लताबाईंना म्हणाले, “धुवायला देऊ नका.” त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने, की समोरच्या पेढीवरच्या सराफाने मान वर केली.

५ ऑगस्ट

धुणे म्हणजे आम्लात बुडवणे. रंगाबरोबर चांदीचा वरचा पापुद्राही जातो, आणि प्रूफचा आरसा म्हणजे तो पापुद्राच. हवेने वर्षानुवर्षे सुंदर रंग चढलेल्या नाण्याला संग्राहक दुप्पटही देतात. मुद्दाम रंगवलेल्याला कोणी विचारत नाही. मधाळ, मग जांभळा, मग निळा – पुस्तकांप्रमाणे सावकाश चढणारा रंग याच क्रमाने गडद होतो. इथे क्रम बरोबर आहे. हे शेठना सांगितले.

“पुस्तकात वाचलंस ना? मग पुस्तकालाच विक.”

विकेन!

नाणे न धुता तपासणीसाठी ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे नाण्यांना सत्तरपैकी गुण देणाऱ्यांकडे, गेले. शुल्क लताबाईंनी भरले. माझ्या शब्दावर.

२६ ऑगस्ट

निकाल नाही.

१५ सप्टेंबर

निकाल. सत्तरपैकी किती, या रकान्यात दोनच शब्द: ‘शंकास्पद रंग’. नाणे साध्या पाकिटात परत. दहावीला, मराठी माध्यमातून, शाळेत पहिली आले होते मी. गुणच नसलेली गुणपत्रिका कशी वाचायची ते मला ठाऊक नाही.

शेठनी आम्लाची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली.

१८ सप्टेंबर

सुट्टी घेऊन एसटीने ओझरला गेले. एकटीच. नाणे कुठे असायचे, ते मला पाहायचे होते. लताबाईंनी पत्र्याची पेटी उघडली आणि वास आला – गंधक! भुरी पडू नये म्हणून द्राक्षांवर धुरळतात तो. मोतीरामांची अर्धा एकर बाग होती. ओल लागू नये म्हणून ते गंधकाची पिशवी पेटीत ठेवीत, आणि नाणेही तिथेच. दोन्ही जपायच्या वस्तू, म्हणून शेजारी शेजारी! बारा वर्षे.

म्हणजे कंपनीची शंका अगदीच खोटी नव्हती. पण रंगवले कोणी? कोणीच नाही. एका माणसाने दोन गोष्टी मनापासून जपल्या, त्यातून हा रंग आला. याला मी खोटा म्हणणार नाही. परतताना बसमध्येच दोन पानी पत्र लिहून काढले. घरी येऊन ईमेलने पाठवले.

१९ सप्टेंबर

उत्तर एका ओळीचे. आम्ही हेतू तपासत नाही, पृष्ठभाग तपासतो.

वाक्य निर्दोष आहे. म्हणूनच अधिक चीड आली.

२० सप्टेंबर

लताबाई दुकानात आल्या. त्यांना समोर बसवून मी सगळे ओरडून सांगितले – रंग तसाच राहू द्या, हे ओळखणारा संग्राहक मिळेल, थोडे थांबा. गल्लीने ऐकले असेल. लाज वाटली नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “रंगावर तुझा लय जीव हाय. पण लेक फोनवर काय बोलती ते मला कळत नाय. कधी रडती, कधी हसती, तेबी वळखू येत नाय.”

मी नाणे पाकिटातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवले.

“धुतलं तर खपंल का?”

खपेल. कमी भावात.

“मग धू. पण तुझ्या हातानं. शेठकडं नको देऊ.”

धुतल्याचे लिलावाच्या यादीत लिहिले तर भाव आणखी उतरेल, हेही मी ओरडूनच सांगितले.

“लिही की. चोरून धुतोय का आपण?”

२२ सप्टेंबर

आम्लात सात सेकंद. मध्यभागचा मध आधी गेला. कडेचा निळा जांभळा झाला, जांभळा मधाळ, मग काहीच नाही. आरसा किंचित धुरकट.

शेठ म्हणाले, ‘मूळ स्थितीत’ असे लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

लिहिले: ‘यावर गंधकाचा रंग होता. धुतलेले. धुणारी – सुमेधा गायधनी.’ यादी छापखान्यात देऊन घरी आले.